नांदेडला रेफर कसं व्हावं : कंधारकर नवशिक्यांसाठी

आजारी पडणं कुणालाही जमतं. रेफर होणं ही वेगळी विद्या आहे आणि कंधार तालुक्यात ती घरटी एकाला तरी यायलाच हवी.

आधी थोडी थिअरी. ५,००० वस्तीला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, त्यावर जिल्हा रुग्णालय आणि सगळ्यांच्या वर विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. सर्दी-खोकला खाली थांबावा, डोक्याला मार लागलेला वर जावा, असा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. इंग्लंडात १९४८ पासून असंच चाललंय. आपल्या भागातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सरकारी तज्ज्ञ सहसा भेटत नाही. फक्त तिकडं चिठ्ठी रुग्णाच्या आधी पोचते. आपल्याकडं रुग्ण आधी पोचतो आणि चिठ्ठी भावजीच्या वरच्या खिशात घामानं भिजत असते.

पायऱ्या चढूनच वर जायचं असतं, असं नवशिक्याला वाटतं. तसं काही नाही. खोकला घेऊन थेट नांदेडच्या ओपीडीत उभं राहिलात तरी कुणी अडवत नाही. ज्याच्या दारात गाडी आहे तो थेट जातो. ज्याच्या दारात नाही, तो पायरी-पायरीनं जातो आणि प्रत्येक पायरीवर नव्यानं नाव, गाव, वय सांगतो.

सोबत माणसं तीन घ्यावीत. एक पळणारा : केस पेपर, रक्त, एक्स-रे, परत केस पेपर. एक बसणारा, म्हणजे सलाईनची बाटली संपत आली की सिस्टरला हाक मारणारा. तिसरा ओळखीचा. तो काहीच करत नाही, फक्त फोनवर बोलताना दिसतो. पण वॉर्डातल्या मामा-मावशींच्या बोलण्यात त्यानं फरक पडतो.

कागद कोणते? आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड. जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेचा मूळ अवतार २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात नांदेड होतं, म्हणजे या बाबतीत आपण जुने विद्यार्थी. तरी ध्यानात ठेवा : कार्ड ठरावीक यादीतल्या उपचारांना आणि ठरावीक दवाखान्यांतच चालतं. आधी आरोग्यमित्राला गाठा, मग बिलाचं बोला. केस पेपरचं आणखी वेगळं. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो मोफत झाला, पण आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्या खात्याचं. रुग्णाला खातं कळत नाही, म्हणून सुट्टे पैसे जवळ असू द्यावेत.

पत्ताही नीट विचारून घ्या. नांदेडात ‘मोठा सरकारी दवाखाना’ म्हटलं की एक जण गावातलं गुरु गोविंदसिंघजी रुग्णालय समजतो, दुसरा विष्णुपुरी. लोह्याकडून येताना विष्णुपुरी शहराच्या अलीकडंच लागते. नाव पक्कं नसेल तर पुढं जाऊन मागं फिरावं लागतं, आणि गाडीत बाळंतीण असते.

आता मुख्य धडा, चिठ्ठी घेण्याचा. तो साधारण रात्रीच येतो, आणि कुठल्याही तालुक्यात असाच येतो.

“यांना वर न्यावं लागंल, काका.”

“तिथं बेड हाय का?”

“मिळंल की. तुम्ही निघा तर.”

“मिळंल का हाय?”

इथं सिस्टर पेन उचलते आणि लिहिते : पुढील उपचारासाठी. भूलतज्ज्ञ रजेवर आहे, रक्त शिल्लक नाही, सोनोग्राफी करणारं कुणी नाही, किंवा रात्रीचं काही बरंवाईट आपल्या हातून नको, यातलं काहीही त्या ओळीत बसतं. खालच्या दवाखान्याचं काम तिथं संपतं. वरच्याचं अजून सुरू झालेलं नसतं. मधले पन्नासेक किलोमीटर रुग्ण कुणाचाच नसतो. चांगले डॉक्टर पुढं फोन लावतात, मी पाहिलेत; पण तो त्यांचा चांगुलपणा, व्यवस्था नव्हे.

या साखळीचं वरचं टोक सगळ्या देशानं ऑक्टोबर २०२३ मध्ये पाहिलं. विष्णुपुरीत २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि खाजगीतून अखेरच्या घटकेला रुग्ण येतात, असं कारण दिलं गेलं. ते खोटं नव्हतं, पुरेसंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका खासदारांनी अधिष्ठात्यांकडून संडास साफ करून घेतला. तो व्हिडिओ राज्यभर फिरला. कुणी कुठून, किती वाजता, कोणत्या अवस्थेत कोणाला पाठवलं, हा हिशेब काही तसा फिरला नाही. उच्च न्यायालयानं मात्र स्वतःहून दखल घेतली.

खरं तर न्यायालयाचं सांगून कधीच झालंय. कोलकात्याकडं रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी बेड नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी त्याच्यावर खाजगीत उपचार झाले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली बजावलं की, तातडीचे उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. बेड कुठं रिकामा आहे हे कळण्यासाठी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था हवी, हेही त्याच निकालात आहे.

तेव्हा गाडी हलण्याआधी दोनच गोष्टी विचारा : तिथं कुणाशी बोललात आणि किती वाजता? ते नाव आणि ती वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. “असं लिहायची पद्धत नाही,” म्हणाले, तर तिथलाच फोन लावायला सांगा आणि तोवर १०८ वाल्याला थांबवून ठेवा.