दिसतं तेच पुन्हा कशाला दाखवता?

हरभरा रात्री भिजत घातला की सकाळी फुगतो आणि ओल्या फडक्यात बांधला की मोड दाखवतो. जालना जिल्ह्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, पुढे हे शहर बियाण्यांच्या धंद्याचं मोठं ठाणं झालं आणि १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा जिल्ह्यातल्या शाळेत खिडक्या लावून, अंधार करून ‘बीजाचं अंकुरण’ पडद्यावर दाखवतात. रंगीत कार्टून, गोड आवाज, मागे संगीत. दाराबाहेर माती आहे, मूठभर हरभरा कुणाच्याही घरून येईल. मग पडदा कशासाठी लावला?

पडदा शाळेत हवाच. पण तो कशासाठी हवा, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने करून दाखवलं होतं. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढायच्या आधी त्यांनी चित्रित केला तो वाटाणा. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा एका जागी बसवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर बघता बघता उलगडली. बी फुटलं, कोंब वर आला, वेल चढला. भांडवल देणाऱ्यांना पटवायला ही फीत त्यांच्या कामी आली. माझ्या लेखी मात्र शाळेसाठी काढायच्या प्रत्येक फितीचा तो वस्तुपाठ आहे. कुंडीशेजारी महिनाभर बसून राहिलं तरी वाढताना वाटाणा डोळ्याला दिसत नाही. फाळक्यांनी ते न दिसणारं दाखवलं.

शाळेच्या फितीची कसोटी इतकी सोपी आहे. जे फार सावकाश घडतं, फार झटकन घडतं, फार बारीक आहे, फार लांब आहे, किंवा जवळ गेलं तर जिवावर बेतेल, ते दाखवा. बाकीचं मुलाच्या हातात द्या.

या कसोटीवर आजच्या ‘शैक्षणिक व्हिडिओं’चा ढीग घासून बघा. बहुतेकांत पुस्तकाचं पान आहे आणि ते कुणीतरी वाचून दाखवतंय. अक्षरं डावीकडून घरंगळत येतात, प्रश्न येतो, टाळ्यांचा आवाज येतो. पाढे पडद्यावर नाचतात. भूमितीत त्रिकोणाचा एक शिरोबिंदू सरकत जातो आणि तिन्ही कोनांची बेरीज तशीच राहते, हे हलत्या चित्रात बघणं खरोखर मोलाचं आहे. पाढ्यांना नाचायची काय गरज? आणि कवितेची फीत तर काढूच नये. कविता ऐकताना चाळीस मुलांच्या डोक्यात चाळीस पाऊस पडतात. तुम्ही एक पाऊस दाखवलात की बाकीचे एकोणचाळीस थांबतात. मराठीच्या तासाला गुरुजींचा आवाज पुरे.

आता जालन्याला खरोखर हव्या असलेल्या फितींबद्दल बोलतो, कारण त्या मला कुठे दिसत नाहीत.

असई याच जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेला आर्थर वेलस्लीने हरवलं. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलस्ली. मराठ्यांची फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उभी होती. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं की इथे नदीला उतार नाही. त्याने नजर टाकली तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर वसलेली दिसली. मधे ये-जा असल्याशिवाय अशी गावं वसत नाहीत, म्हणजे उतार असणारच, हे त्याने ताडलं. उतार होता. फौज तिथून नदी पार करून मराठ्यांच्या डाव्या बगलेवर गेली. एका नजरेत भूगोलही आला, इतिहासही आला. गाव कुठे वसतं आणि का वसतं, हा शाळेतला धडा आपल्याच नदीकाठी इतक्या महागात शिकला गेला. पुस्तकात तो दोन ओळींत उरकतो. वरून, ड्रोनमधून, नदीचं वळण, दोन्ही काठ आणि मधलं मैदान आठ मिनिटांत दाखवा. सपाट नकाशावर न कळणारी ही जागा सातवीतल्या मुलालाही कळेल.

त्याच केळणेच्या काठावर भोकरदन आहे, जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव कोरलेलं आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, वरचा भाग तुटलेली. तिच्याशी जवळचं साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई शहरात मिळाली होती. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात आपल्या बाजूचं हस्तिदंती काम पोचलेलं होतं! पाँपेईची ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या जिल्हा परिषद शाळेतलं पोरगं नेपल्सला कधी जाणार? इथे फीतच पाहिजे. दोन मूर्ती शेजारी शेजारी ठेवा, दागिने, कमरपट्टा जवळून दाखवा आणि मुलांना साम्य शोधू द्या. सातवाहनांच्या परदेशी व्यापाराचा परिच्छेद पाठ करायची मग गरज राहत नाही.

तिसरी फीत जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली. दहावीच्या विज्ञानात विद्युतधारेचे परिणाम आहेत आणि धातुविज्ञानही आहे. या दोन प्रकरणांचं लग्न जालन्याच्या भट्ट्यांत रोज लागतं. इंडक्शन फर्नेसमध्ये ज्वाळा नसते. तांब्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती धारा जाते, आतल्या भंगारातच विद्युतधारा उत्पन्न होते आणि त्या उष्णतेने लोखंड वितळतं. पंधराशे अंशांच्या वर गेलेला तो पिवळाधमक रस साच्यात ओततात, त्याचे बिलेट, म्हणजे लांब ठोकळे, होतात, लालभडक बिलेट रोलिंग मिलच्या रुळांतून निघतो तेव्हा सळई झालेला असतो. पाण्याच्या फवाऱ्याने तिची वरची कातडी टणक होते, गाभा लवचीक राहतो. तिथे चाळीस मुलांची सहल नेऊ नये. अपघात सांगून येत नाहीत. म्हणून कॅमेरा न्यायचा. ज्या मुलाचा बाप त्या भट्टीवर पाळी करतो, त्याला बाप काय करतो हे आणि फॅरेडेचा शोध काय आहे हे एकाच तासाला कळेल. त्या वर्गात तो मान वर करून बसेल, याबद्दल मला शंका नाही.

चौथी फीत जमिनीखालची. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागतं, आपलं कोरडं जातं, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. का, ते माहीत नाही. काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि सच्छिद्र थरांत साठतं. भेग चुकली की दोनशे फूट गेलं तरी धूळच. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. जमिनीच्या पोटातलं हे चित्र मुलांना दिसायचं तर ते कल्पनेनेच काढावं लागेल. कार्टून काढायची एवढी हौस आहे ना, मग इथे काढा.

आणि एक फीत मुलांनीच काढायची, अगदी फाळक्यांच्या पद्धतीने. गावच्या विहिरीसमोर एक जागा ठरवा, खूण म्हणून दगड ठेवा. दर शनिवारी त्या दगडावर उभं राहून एका मोबाइलने एकच फोटो. वर्षाचे बावन्न फोटो ओळीने लावले की पाणी चढताना आणि उतरताना दिसेल. कडवंचीसारख्या पाणलोटाचं काम झालेल्या गावातली फीत आणि काम न झालेल्या गावातली फीत शेजारी लावा. गणिताच्या गुरुजींनी त्यावर आलेख काढून घ्यावा.

हे सगळं मराठीत कोण करणार, असं विचारलं की मला बालचित्रवाणी आठवते. इन्सॅट उपग्रहाच्या जोरावर देशातल्या सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांतली महाराष्ट्राची ही. १९८४ साली पुण्यात सुरू झाली. तिने मुलांसाठी हजारो कार्यक्रम काढले, दूरदर्शनवरून ते खेड्यापाड्यात पोचले. मराठीत, सरकारी पगारावर, शाळेच्या पुस्तकाला धरून चित्रपट काढणारी माणसं आपल्याकडे होती. केंद्राचा पैसा आटला, पगार रखडले आणि २०१७ साली सरकारने संस्था बंद करायचा निर्णय घेतला. त्याच वर्षी दीक्षा हे सरकारी डिजिटल व्यासपीठ आलं, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोडच्या चौकटी आल्या. चौकट छापणं सोपं आहे. चौकटीच्या पलीकडे काय दाखवायचं, हे जाणणारं घर मोडून चौकट छापली, याचा राग मला आजही येतो.

घर नसलं तरी चांगलं काम होऊ शकतं, हे जुलै २०२० मध्ये दिसलं. टाळेबंदीत एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ सह्याद्री वाहिनीवर आली. पहिली ते आठवी. घरातल्या वस्तू घेऊन मुलं आणि आईबाप मिळून काहीतरी करून बघत होते. इंटरनेट लागलं नाही, रेंज शोधत माळावर जावं लागलं नाही. फीत संपली की मूल उठून तेच करून बघायचं. फितीने मुलाला खुर्चीवरून उठवलं पाहिजे, हे तिच्या कर्त्यांना कळलं होतं.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. बालचित्रवाणीचा सगळा साठा प्रत्येक शिक्षकाला फुकट आणि इंटरनेटशिवायही मिळू द्या. पेन ड्राइव्हवर भरून केंद्रशाळेत ठेवा. आणि जिल्हा नियोजनाच्या निधीतून दरवर्षी जिल्ह्यावर पाच फिती काढा, दहा मिनिटांच्या, इथल्या शिक्षकांनी लिहिलेल्या, इथल्या बोलीत बोलणाऱ्या. शाळाशाळांत टीव्ही लोकवर्गणीतून लागलेत, ते वर्षानुवर्षे तेच अंकुरण दाखवून थकलेत.

सुरुवात असईपासून करायची असेल तर तारीख ठरवायला बैठक नको. केळणेला पाणी असतं ते सप्टेंबरात, लढाईही त्याच महिन्यातली. जाफराबाद-भोकरदनकडच्या इतिहासाच्या गुरुजींनी ऑगस्टमध्येच त्या दोन काठांवर एक फेरी मारावी, उतार नक्की कुठे पडतो हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावं आणि ड्रोनची परवानगी वेळेत मागावी.