चौऱ्याहत्तर चाकांची पाहणी

जुलै 2019 मध्ये महाराष्ट्रातून निघालेला 70 टनांचा ऑटोक्लेव्ह (उच्च दाबाची भट्टी) जुलै 2020 मध्ये तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात पोहोचला. अंतर सुमारे 1,700 किलोमीटर, म्हणजे दिवसाला जेमतेम पाच. मधले काही आठवडे टाळेबंदीने खाल्ले. तरी याला दिरंगाई म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. तो वाहून नेणाऱ्या 74 चाकांच्या ट्रेलरसाठी वाटेतल्या विजेच्या तारा हलल्या, झाडे छाटली गेली, रस्त्यांची डागडुजी झाली. जे अर्ज-विनंत्यांनी होत नाही, ते नुसत्या रुंदीने झाले. मार्गाची पाहणी आधीच पुरेशी करावी, असा आक्षेप निघेल. पण ट्रेलर अडकल्यावर मिळते तितकी अचूक माहिती कागदावर कुठून मिळणार? सबब, प्रत्येक जिल्ह्याला एकेक फिरता ऑटोक्लेव्ह कायमस्वरूपी मंजूर व्हावा. उरला वेगाचा मुद्दा. अवकाश केंद्राची रॉकेटे उपग्रहाला सेकंदाला सात-आठ किलोमीटरचा वेग देतात, हे मान्य. पण तिथवर अजून बांधकाम खाते पोहोचलेले नाही.