अडीच रुपयांचे दोन

सहकाऱ्याचा कोड मर्ज होण्याआधी दुसऱ्याने वाचायचा, या रिवाजाला शिस्त लावली आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी. त्यांचा लेख १९७६चा. तेव्हा माणसं एकत्र बसून, ठरलेल्या भूमिका घेऊन कोड तपासत. आता पीआरची, म्हणजे पुल रिक्वेस्टची, लिंक येते आणि खाली ‘बघ ना जरा, आज मर्ज करायचंय.’

पीआर दहा ओळींचा असला की आपल्यातला परीक्षक खडबडून जागा होतो. हे नाव असं का? इथे ओळ का सोडली? हजार ओळींचा आला की माउसचं चाक गरगर फिरतं आणि खाली ‘एलजीटीएम’, म्हणजे ‘मला ठीक वाटतंय’, पडतं.

पायथॉनमध्ये कुरापतींना शास्त्राधारही आहे. २००१ सालची पेप-८ ही शैली-नियमावली सांगते: ओळ ७९ अक्षरांची, इंडेंट चार स्पेसचं. नियमांच्या आंधळ्या हट्टापायी शहाणपण सोडू नका, हेही तिथेच सुरुवातीला बजावलंय. पण तेवढा भाग कमेंटमध्ये कुणी चिकटवत नाही. मग ‘ब्लॅक’ हे फॉर्मॅटर आलं, ओळी आपोआप बसवू लागलं. वाद मिटायला हवा होता. तो व्हेरिएबलच्या नावांवर सरकला.

आता समजा, जीएसटीचा हिशेब करणारं फंक्शन आहे. नावं सुरेख, टेस्ट हिरव्यागार. रक्कम रुपयात बसवायला ‘राउंड’ वापरलंय. शाळेत आपण शिकलो, अर्धा आला की वर न्यायचा. जीएसटी कायद्याचं कलम १७०ही तेच म्हणतं: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया. पायथॉन ३ मात्र बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतो. साडेतीनचे चार होतात, पण अडीचचे दोन! आणि टेस्टमध्ये नेमके साडेतीनच घेतलेले. कोड आपोआप तपासणाऱ्या लिंटरला यात काही वावगं दिसत नाही. त्याने कलम १७० कुठे वाचलंय?

हे सहकाऱ्याला सांगायचं कसं, ही वेगळी कला. ‘हे चूक आहे’ लिहिलं तर अबोला. म्हणून ‘मला नीट कळलं नाही, इथे अडीच आले तर?’ असं लिहायचं. आपल्याला पुरतं कळलंय, हे त्यालाही कळतं. उत्तर येतं, ‘छान मुद्दा, पुढच्या पीआरमध्ये घेतो.’

इथे मात्र भीड सोडावी. अप्रूव्हचं बटण हाताशी असतं, सहकारी दुपारी आपल्याच टेबलावर डबा उघडणार असतो, तरीही ‘याच पीआरमध्ये घे’ लिहून टाकावं. त्या दिवशी त्याच्या डब्यातलं लोणचं मिळणार नाही, एवढंच.