हुरड्याच्या बंगल्याचा विमा

जालन्यात चार पैसे हाती आले की माणूस शेतात बंगला बांधतो आणि मग तिथं राहायला सवड मिळत नाही म्हणून कुरकुरतो. धंदा सळईचा असो की बियाण्यांचा, रविवारी बंगल्यावर जायचं ठरलं की नेमकं कुणाचं तरी लग्न निघतं. शेवटी बंगला ओळखीपाळखीत भाड्यानं जायला लागतो. थंडीत हुरडा पार्टी, उन्हाळ्यात वऱ्हाड, अधूनमधून प्री-वेडिंगचं जोडपं.

असेच एक मामा. मोसंबीच्या बागेत दोन खोल्या, पडवी आणि विहीर. एका हुरडा पार्टीत गोवऱ्यांच्या आगटीतला निखारा वाऱ्यानं उडाला आणि कडब्याच्या गंजीपाशी जाऊन पडला. गंजी वाचली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, पुन्हा दही-चटणीकडे वळले. मामांनी मात्र दुसऱ्याच दिवशी विमा एजंटाला बोलावलं. एजंट मित्राचाच मुलगा.

त्यानं ‘भारत गृह रक्षा’ पुढं केली. १ एप्रिल २०२१ पासून आलेली ही पॉलिसी आग, वीज, भूकंप, पूर, दंगल असं सगळं धरते. शिवाय घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, फार तर १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण.

“मग लिही, दोन कोटी.”

“दोन खोल्यांचे?”

“समृद्धी महामार्ग झाल्यापासून जमिनीचा भाव काय चाललाय, माहितीये का तुला?”

“जमीन जळत नाही, मामा.”

विमा बांधकामाच्या खर्चाचा, तोही चौरस फुटाच्या हिशोबानं. कपाटातली रोकडही त्यात धरत नाहीत. हे जालनेकरांना मुद्दाम सांगावं लागतं. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याची माणसं गाड्यांना लग्नाचे स्टिकर चिकटवून वऱ्हाडी बनून शहरात आली आणि पन्नास कोटींहून जास्त रोकड मोजत बसली. तेव्हापासून बंगला देताना कुणी नवरीचं माहेर विचारत असेल, तर त्यात नवल नाही.

खरी गाडी अडली ती अर्जातल्या पुढच्या रकान्यात.

“इथं राहतं कोण?”

“आम्हीच.”

“आणि हुरड्याला?”

“पाहुणे.”

“पैसे देणारे?”

“पाहुणेच की रे!”

गृह रक्षा ही राहत्या घराची पॉलिसी. घर भाड्यानं द्यायचं किंवा त्याचा वापर बदलायचा, तर कंपनीला कळवायला हवं. नाहीतर दाव्याच्या दिवशी सर्वेअर थंड आगटीपाशी उभा राहून पत्रावळ्या मोजतो. रीतसर धंदाच करायचा, तर पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी निराळी पॉलिसी आहे, ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’.

“म्हणजे मी सूक्ष्म उद्योग?” मामा दुखावले.

“उद्योग आहेतच,” आतून मामी म्हणाल्या, “सूक्ष्म कुठले?”

मग विहीर निघाली. पाहुणा पडला, तर भरपाई मालकाच्या गळ्यात, आणि घराचा विमा त्यात हात घालत नाही. त्याला तिऱ्हाइताच्या नुकसानीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. कठडा तर आधी बांधाच, असं एजंटानं बजावलं. गवंड्यानं कठड्याचा आकडा सांगितला. मामांनी ‘पोहण्यास सक्त मनाई’ अशी पाटी रंगवून घेतली आणि संध्याकाळी एजंटाला फोन लावला, “पाटी सामानात धरतात का इमारतीत?”