पाकीट माझ्यासमोर फोडा

दाताच्या दवाखान्यात आपण तीनच प्रश्न विचारतो. दुखेल का? किती वेळा यावं लागेल? पैसे किती?

चौथा प्रश्न कोणी विचारत नाही. हे हत्यार माझ्याआधी कोणाच्या तोंडात होतं?

हॉटेलात पेल्याच्या कडेला ओठांचा डाग दिसला तर आपण लगेच वेटरला हाक मारतो. इथे तर हिरडीतून रक्त काढणारी टोकदार हत्यारं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. आणि आपण मुकाट्याने ‘आ’ करतो.

तामिळनाडूतल्या तिरुपत्तूर जिल्ह्यात वाणियंबाडी नावाचं गाव आहे. तिथल्या एका दंत दवाखान्यात उपचार घेतलेली आठ माणसं 2023 मध्ये मेंदूच्या संसर्गाने दगावली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या आणि सरकारी यंत्रणेच्या तज्ज्ञांनी माग काढला तेव्हा संशयाची सुई एका सलाइनच्या बाटलीवर थांबली. हिरडी हाडापासून सोडवायला जे हत्यार वापरतात, त्यानेच बाटलीचं तोंड उघडायचं, मग ते सैलसर बंद करायचं आणि तेच सलाइन पुढच्या पेशंटला वापरायचं, अशी तिथली रीत होती. माती-पाण्यात राहणारा एक जिवाणू त्यातून थेट जखमेत गेला.

दात दाखवायला गेलेली आठ माणसं. आणि वाचली असती ती एका नव्या बाटलीने.

‘आम्ही सगळं उकळून घेतो हो,’ असं अभिमानाने सांगणारे दवाखाने आजही आहेत. उकळत्या पाण्याचं तापमान 100 अंश. चिवट जिवाणूंचे बीजाणू त्यात मरत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो: दाबाखालची वाफ, 121 अंशांवर किमान 15 मिनिटं किंवा 134 अंशांवर तीन-चार मिनिटं. स्पिरिटचा बोळा फिरवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. निळा दिवा लावलेली ती काचेची पेटीही नव्हे. आधीच निर्जंतुक केलेली हत्यारं ठेवायला फार तर ती चालेल. पेशंटला दिसते मात्र तीच.

आता एअरोटरकडे वळू. दात कोरताना घुंईऽऽ आवाज करणारं ते यंत्र. थांबताना ते तोंडातली लाळ आणि रक्त आत ओढून घेऊ शकतं. बाहेरून कितीही पुसा, आतल्या नळीचं काय? म्हणून ते प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये गेलंच पाहिजे. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तावाटे पसरतात हे डॉक्टरांना शिकवावं लागत नाही. एअरोटर मात्र अनेक ठिकाणी नुसता पुसूनच पुढच्या तोंडात जातो.

का? हिशेब मांडून बघा.

संध्याकाळी सहा ते साडेनऊ दवाखाना. दातावर ड्रिल चालवावं लागेल असे दहा पेशंट. एअरोटर दोन. वाफ तयार होणं, तापमान टिकणं, वाळणं असं सगळं धरून ऑटोक्लेव्हची एक फेरी अर्धा-पाऊण तास खाते. त्याआधी यंत्र धुवायचं, तेल द्यायचं, पाकिटात भरायचं. शिवाय पेशंटवर कामाला लागणारा अर्धा तास वेगळा. एक एअरोटर संध्याकाळभरात फार तर तीन पेशंटना पुरेल. दोन एअरोटर, सहा पेशंट.

उरलेल्या चौघांच्या तोंडात काय गेलं?

या एका प्रश्नाचं उत्तर भिंतीवरच्या प्रमाणपत्रांत सापडत नाही. ते कपाटातल्या एअरोटरच्या संख्येत सापडतं. चांगला दवाखाना ओळखायचा तर आधी हा आकडा विचारा. रिसेप्शनमधला सोफा, मत्स्यालय आणि एसी नंतर बघू.

पाकिटाबद्दलही थोडं. ऑटोक्लेव्हमध्ये जाणारी हत्यारं कागद आणि प्लास्टिकच्या बंद पाकिटात भरतात. त्यावर एक छोटी खूण असते, ती वाफेच्या उष्णतेने रंग बदलते. पाकीट पेशंटसमोर फोडायचं, ही साधी शिस्त. पण रंग बदलला याचा अर्थ पाकीट यंत्रात जाऊन आलं, एवढाच. आत जंतू खरोखर मेले का, हे कळायला बीजाणूंची चाचणी करतात. बीजाणूंची कुपी आत ठेवायची, फेरी झाल्यावर त्यातलं काही जगलंय का ते बघायचं. आठवड्यातून एकदा ही चाचणी करावी, असं शास्त्र सांगतं. तुमच्या दवाखान्यातली शेवटची चाचणी कधी झाली, हे विचारून पाहा. तारीख पटकन सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका.

पाण्याचंही तेच. खुर्चीच्या बारीक नळ्यांत पाणी साचतं आणि आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. इटलीत 2011 मध्ये 82 वर्षांची एक महिला लीजनेअर्स आजाराने गेली. संसर्ग दंतचिकित्सेच्या खुर्चीच्या पाण्यातून झाल्याचं सिद्ध झालं. दोन पेशंटच्या मध्ये 20 ते 30 सेकंद पाणी वाहू द्यायचं आणि नळ्या ठरावीक काळाने औषधाने धुवायच्या. तेवढे सेकंदही नसतील तर दवाखाना कशाला उघडायचा?

आणि ही सगळी हत्यारं धुतं कोण? डॉक्टर नव्हे. शेजारी सक्शन धरून उभी असलेली असिस्टंट मुलगी. रक्त लागलेली टोकं तिच्या बोटांखालून जातात. तिला हिपॅटायटिस बी लशीचे तिन्ही डोस दिलेत का? धुताना घालायला जाड हातमोजे आहेत का? निर्जंतुकीकरण कसं करायचं हे तिला कोणी रीतसर शिकवलं का, की आधीची मुलगी करायची तसं ही करते? अख्ख्या दवाखान्याची सुरक्षा तिच्या हातात, आणि पगार सगळ्यांत कमी तिचाच.

मोफत दंत तपासणी शिबिरांबद्दल तर बोलायलाच हवं. शाळेचं सभागृह, रांगेत उभी शंभर पोरं, टेबलावर स्टीलचा ट्रे, त्यात जंतुनाशकाचं पाणी आणि मोजके आरसे. एका मुलाच्या तोंडातून काढला, बुडवला, दुसऱ्याच्या तोंडात घातला. जेवढे निर्जंतुक आरसे असतील तेवढीच मुलं तपासा. नाहीतर एकदा वापरून टाकायचे आरसे आणा. फ्लेक्सवर पाहुण्यांचे फोटो छापायला पैसे असतात, तर यालाही असले पाहिजेत.

सरकार काय करतं? डॉक्टरची नोंदणी 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने बंधनकारक आहे. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, आणि कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. हे नियम चांगलेच आहेत. दवाखान्यातून बाहेर काय जातं, यावर कायद्याची नजर आहे. तोंडात काय जातं, ते बघायला कोण येतं?

दवाखान्यांना किमान दर्जा लावणारा केंद्राचा कायदा 2010 चा आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. इथला 1949 चा कायदा खाटा असलेल्या शुश्रूषागृहांचा. दाताच्या दवाखान्यात खाट नसते, खुर्ची असते. म्हणजे खुर्चीतला माणूस कायद्याच्या बाहेर! वर्षातून एकदा न सांगता येऊन ऑटोक्लेव्ह उघडून बघणारा माणूस नेमायला सरकारला कोणी अडवलंय?

दोष पेशंटचाही आहे. समोरच्या गल्लीत रूट कॅनाल दोन हजारांनी स्वस्त म्हणून आपण पळतो. जो डॉक्टर सहा एअरोटर ठेवतो, दर पेशंटला नवी पाकिटं फोडतो, असिस्टंटला शिकवतो, त्याचा खर्च बिलात दिसणारच. असे डॉक्टर गावोगावी आहेत आणि ते नेटाने काम करतात. आपण मात्र घासाघीस करून त्यांनाच शिक्षा करतो. स्वस्तातले दोन हजार नेमके कुठे वाचवले, हे विचारत नाही.

करोनाच्या काळात प्रत्येक दवाखाना पाकिटं, मास्क, फेसशील्ड सगळं दाखवत होता. म्हणजे जमतं. पेशंट घाबरलेला होता आणि विचारत होता, म्हणून जमलं.

तर पुढच्या वेळी खुर्चीत बसलात की तोंड उघडायच्या आधी एवढं म्हणा: ‘डॉक्टर, पाकीट माझ्यासमोर फोडा. एअरोटर पण पाकिटातलाच घ्या. सुई नवी, सलाइन नवं.’ चांगला डॉक्टर हसून पाकीट दाखवेल. जो चिडेल, त्याच्या खुर्चीतून उठा.