पूल कशाला हवा?

ब्रिस्बेन

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

शहरासमोर एवढं मोठं बेट, सरकारकडे पैसा, मग पूल का बांधत नाहीत, हा तुमचा प्रश्न पोचला. निवृत्त झाला तरी पीडब्ल्यूडीचा इंजिनियर पाणी दिसलं की खांब मोजतोच. माझं म्हणणं उलटं आहे. या नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटाची सहल होते ती पूल नाही म्हणूनच. याच मोरेटन उपसागरातल्या ब्रायबी बेटाला १९६३ साली पूल मिळाला, तोही किलोमीटरभराचासुद्धा नाही. उत्तरेला राष्ट्रीय उद्यान शाबूत आहे, हे मान्य. पण दक्षिण टोकाला आता बंगले, सुपरमार्केट आणि गाड्या. तिथं जाणं म्हणजे कोथरूडहून वारज्याला जाणं. परत आल्यावर सांगणार काय? स्ट्रॅडब्रोक आकारानं जवळजवळ दुप्पट, आणि वस्ती मात्र दोनेक हजार. क्लीव्हलँडहून गाडीसकट बोटीत चढायचं, गाड्या बोटभर अंतरानं खेटून लावायच्या, आणि डनविच येईपर्यंत पाऊणएक तास हातावर हात ठेवून बसायचं. शहर मागं दिसत राहतं, पण गाडी वळवता येत नाही. सुटी तिथंच सुरू होते. गेटवेहून लाँचनं मांडव्याला जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. रस्त्यानं अलिबागला निघालेल्याची निम्मी सुटी वडखळ नाक्यालाच खर्च होते.

आई विचारेल, रात्री कुणाच्या पोटात दुखलं तर? डनविचला छोटा दवाखाना आहे, आणि जास्त झालं तर हेलिकॉप्टर. तुमचा आक्षेप भाड्याचा असणार, कारण गाडीचं तिकीट ऐकलं की तुम्ही लगेच रुपयांत गुणाकार कराल. चार दिवसांच्या पाहुण्याला ती हौस परवडते. पण तिथं राहणाऱ्याचं दूधसुद्धा बोटीनं येतं, हा मुद्दा मलाही जड वाटतो. त्याला उत्तर म्हणजे बोट स्वस्त करणं. वाळूच्या खाणी २०१९ साली बंद झाल्या, आता पाहुण्यांवरच भिस्त, तेव्हा पूल हवाच, असंही कुणी म्हणेल. पण पूल झाला की माणूस घरून डबा घेऊन येईल, पॉइंट लुकआउटला देवमासे बघेल आणि संध्याकाळी परत. शेवटची बोट चुकण्याची धास्ती असली की मुक्काम होतो, आणि मुक्काम झाला की खानावळ चालते. शिवाय क्वांडामूका या मूळ रहिवाशांचा इथल्या जमिनीवरचा हक्क न्यायालयानं २०११ साली मान्य केला. बेटाला ते मिंजेरिबा म्हणतात. पुलाचं त्यांना विचारायचं, आपल्याला नव्हे.

एक गोष्ट मात्र तुमच्या पारड्यात टाकतो. बेटाच्या वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी समुद्राखालच्या पाइपातून समोरच्या रेडलँडच्या नळांना येतं. म्हणजे पाण्याला बोटीचं तिकीट नाही. हे काम कुणा इंजिनियरनंच केलं असणार, तेव्हा खुशाल आनंद माना.

आईला नमस्कार. मेतकूट मिळालं.

तुमचा,
बाळू