सर्वज्ञ, पण अज्ञान

कायद्याच्या लेखी व्यक्ती व्हायला श्वास घ्यावा लागत नाही. तत्त्वज्ञ विवेक, जाणीव, इच्छाशक्ती असल्या अवघड अटींचा शतकानुशतके कीस काढत बसले. कायद्याने एवढेच विचारले, की मालमत्ता कोणाच्या नावे लावायची आणि दावा कोणावर ठोकायचा. 1896 मध्ये सालोमन खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनीला तिच्या मालकापासून वेगळी व्यक्ती मानले. या व्यक्तीला तुरुंगात डांबता येत नाही, ही सोय व्यापाऱ्यांना समजावून सांगावी लागली नाही.

भारतात हा मान देवाचा. कलकत्त्याच्या एका घराण्यातील मूर्तीच्या वादात 1925 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ठरवले, की मूर्ती ही कायदेशीर व्यक्ती आहे. तिला कुठे राहायचे आहे हे पाहावे आणि तिची बाजू मांडायला वादात हितसंबंध नसलेला माणूस नेमावा. कॅनडाच्या सिनेटपुरत्या का होईना, बायकाही ‘व्यक्ती’ असतात, हे याच प्रिव्ही कौन्सिलच्या ध्यानात आले ते 1929 मध्ये. मूर्ती चार वर्षांनी पुढे होती. ती उलट बोलत नाही, हेही तिच्या पथ्यावर पडले असावे.

मात्र स्वतः सही करू न शकणारा देव कायद्याने कायमचा ‘अज्ञान’, म्हणजे अल्पवयीन. सातबाऱ्यावर पोरांच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता येतो, त्यातलाच हा प्रकार: सर्वज्ञाचा कारभार पाहायला पालक लागतो. आयकरातून मात्र हे अज्ञान वाचवत नाही. देवावरही कर आकारता येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये दिला.

20 मार्च 2017 रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांनाही व्यक्ती केले. जिला कोट्यवधी लोक आई म्हणतात, तिला आईबापांच्या जागी तीन अधिकारी मिळाले: गंगा स्वच्छतेच्या ‘नमामि गंगे’ योजनेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. दहाच दिवसांनी त्याच न्यायालयाने हिमनद्या, झरे, जंगले आणि हवासुद्धा या कुटुंबात घेतली. न्यूझीलंडच्या संसदेने त्याच महिन्यात वांगानुई नदीला व्यक्ती मानणारा कायदा केला; तिथे एक प्रतिनिधी सरकारचा, एक माओरींचा आणि नदीच्या प्रकृतीसाठी 3 कोटी डॉलरचा निधी. इकडे पालक तेवढे नेमले गेले.

पालकांना ही जबाबदारी झेपेना. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात जाऊन रास्त शंका काढली: नदी व्यक्ती असेल आणि पुरात माणसे दगावली, तर भरपाई मुख्य सचिवांकडून मागायची काय? शिवाय मूल एका राज्यात थांबत नाही, खाली उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपर्यंत जाते. तिथे त्याच्यामागे कोणी धावायचे? 7 जुलै 2017 रोजी निकालाला स्थगिती मिळाली. गंगा साडेतीन महिने व्यक्ती होती.